वाजणारं जॅकेट

माणसं रेनजॅकेट घ्यायला दुकानात जातात ती कोरडं राहायला मिळावं म्हणून. स्टेनोबाई त्यासाठी गेल्या नव्हत्या. भिजण्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. आयुष्यात त्या पुष्कळदा भिजल्या होत्या आणि तितक्याच वेळा वाळल्या होत्या. त्यांना हवं होतं वाजणारं जॅकेट. चालताना खसखस करणारं, आणि तेही मागून येणाऱ्याला नीट ऐकू जाईल असं. आता हे दुकानातल्या मुलीला सांगायचं तर त्याचं कारणही सांगावं लागणार, आणि कारण तर त्यांच्या शेजारीच उभं होतं.

कारण म्हणजे लिफ्टकाका, त्यांचे यजमान. काकांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता, त्यामुळे त्यांचं खरं नाव त्यांच्या इमारतीतही कुणाला धड ठाऊक नव्हतं. बाई कोर्टात स्टेनो. वकील काय म्हणाले, साक्षीदार काय म्हणाला, न्यायाधीश कुणावर वैतागले, हे सगळं दिवसभर उतरवून घ्यायचं. दुसऱ्यांचं एवढं बोलणं हातातून गेल्यावर आपलं म्हणून बोलायला काही उरत नाही, असं त्या सांगत. पण ती नुसती सबब. बाई लहानपणापासूनच अबोल होत्या. काका मात्र दोघांच्या वाटचं एकटेच बोलत, आणि दोघांनाही ही वाटणी पसंत होती.

तर झालं होतं असं, की काकांची नजर कडांकडून मिटत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसेल, आजूबाजूचं जाईल, आणि उजेड कमी असला की मधलंही धड दिसणार नाही. यावर औषध नाही. काय बघायची हौस असेल ती लवकर भागवून घ्या, असंही त्या म्हणाल्या. काकांची हौस तयारच होती. एका जुन्या कचेरीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, कुणीतरी कधीकाळी एक कॅलेंडर टांगलं होतं. त्यावर एक दरी होती, हिरवीगार, ढगांनी अर्धी भरलेली, आणि पायऱ्या उतरावं तसं तिच्यातून पाणी उतरत होतं. ज्या माणसाचा जन्म लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात डोकं घालण्यात गेला, त्याला ते चित्र बघून काय वाटलं असेल ते सांगायला नको. ती दरी खरोखरची बघायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सहलवाल्यांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. तिथे जवळजवळ रोज पाऊस असतो आणि वारा छत्री टिकू देत नाही, तेव्हा जॅकेट चांगलं हवं. आणि दरीच्या टोकापर्यंत जाणारी वाट अरुंद आहे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला कठडा, एकामागून एकच चालावं लागतं, म्हणून प्रत्येकाला आपलं आपण चालता आलं पाहिजे. काकांनी त्यावर स्वतःची एक अट चढवली. चारचौघांत माझा हात धरून मला नेलंस, तर दरी राहिली तिच्या जागी, मी तिथून परत फिरेन. काका हे नुसतं बोलण्यापुरतं म्हणत नाहीत, हे बाईंना पुरेपूर माहीत होतं. त्यांच्या नाकावर माशी बसली तर ती माशी घाबरेल, असा तो स्वभाव.

तेव्हा बाईंनी पुढे चालायचं, काकांनी मागे, आणि हात धरायचा नाही. घोडं अडलं होतं ते इथे.

घरात 'डोळे' हा शब्द उच्चारायचा नाही, असा नियम कुणी न करताच झाला होता. काका कशाला धडकले की म्हणत, इथे उजेड कमी आहे. त्यांचे घरातले सगळे दिवे बदलून झाले, न्हाणीघरात तर दुकानातल्यासारखा लख्ख दिवा लावला, तरी उजेड कमीच. बाई त्यावर काही बोलत नसत. पण बघत मात्र होत्या. त्यांच्या लक्षात आलं होतं, की त्या घरात कुठल्याही खोलीत असोत, काका बरोबर तिथे येऊन उभे राहतात, चाचपडत नाहीत. लिफ्टच्या दाराला कान लावून वरच्या पुलीत काय बिघडलंय ते सांगणारा माणूस तो. आता तो कानांनी चालायला लागला होता. कशाच्या आवाजावर, एवढंच बाईंना ठरवायचं होतं, आणि त्यांनी ठरवून टाकलं: चपलांच्या.

त्याची खात्री त्यांना बसस्थानकावर पटली. झालं असं की, आईचा डावा गुडघा कुरकुरतो हे कळल्यावर लेकीनं पार्सल पाठवलं, त्यात मऊ तळव्यांचे बूट आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा. बाईंनी दोन्ही कौतुकानं अंगावर चढवलं आणि त्या काकांबरोबर लेकीकडेच निघाल्या. फलाटावर पोचून मागे बघतात तर काका नाहीत. सापडले ते एका खांबाजवळ, खांबावर हात ठेवून उभे, आणि चेहरा असा की बाईंना तो पुढे कितीतरी दिवस विसरता आला नाही. उजेड कमी होता, काका म्हणाले. भर दुपार होती.

घरी आल्यावर बाईंनी ते बूट माळ्यावर टाकले आणि फटक फटक वाजणाऱ्या जुन्या चपला पुन्हा पायात घातल्या. पट्टा मात्र त्यांनी ठेवला होता वापरायला, पण तो दुसऱ्याच दिवशी दिसेनासा झाला. कपाट उपसलं, गाद्या उचलल्या, काही नाही. काका म्हणाले, राहिला असेल कुठेतरी, तसंही पट्ट्यानं रक्त अडतं. बाईंनी नाद सोडला आणि गुडघ्याचं दुखणं तसंच सोसायला सुरुवात केली. लेकीला मात्र फोनवर सांगितलं की पट्टा फार उपयोगी पडतोय.

आता दरीच्या वाटेवर चपला चालणार नव्हत्या, बूटच हवेत असं सहलवाल्यांचं म्हणणं होतं. म्हणजे चपलांचा आवाज गेला. बोलत राहायचं म्हटलं तर तासन् तास काय बोलायचं? बाईंना कल्पनेनंच घाम फुटला. मग एका संध्याकाळी शेजारच्या फ्लॅटमधला पोरगा कसलंसं कडक जॅकेट घालून जिना उतरला, आणि त्याची खसखस पार खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली. बाई दारातच थबकल्या. त्यांचा प्रश्न सुटला होता.

दुकानात जाताना त्यांनी मुद्दाम मऊ बूट घातले, सवय व्हावी म्हणून. काका वाटेत चुकतील याची धाकधूक होती, पण ते मुळीच चुकले नाहीत, अगदी पाठोपाठ आले. गल्लीत गर्दी नव्हती म्हणून असेल, अशी बाईंनी समजूत करून घेतली.

दुकानातली मुलगी चटपटीत होती आणि तिनं लगेच पाढा वाचायला घेतला. शिवणींवर आतून टेप चिकटवलेली हवी, नाहीतर कापड कितीही चांगलं असलं तरी पाणी टाक्यातून शिरतं. टोपीला पुढे कडक पट्टी हवी, म्हणजे पाणी तोंडावर येत नाही. काखेत चेन हवी, चढ चढताना आतून घाम सुटतो तो तिथून निघून जातो. कंबरेखाली उतरेल इतकं लांब हवं. आणि घडी घालून स्वतःच्याच खिशात मावलं तर प्रवासात फार बरं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि एकेक जॅकेट काढून त्याची बाही कानाजवळ नेऊन चुरगळून बघायला लागल्या. मुलीला वाटलं, कापडाचा पोत बघताहेत.

पहिली पाचसहा अगदीच मुकी निघाली. मग एक जरा बरं वाजलं, बाईंनी ते अंगावर घातलं, तर काका लगेच म्हणाले, हे कापड आहे की पत्रा? ते काढून दुसरं घातलं, तर त्यावरही काकांनी नाक मुरडलं. एरवी बायकोनं काय घातलंय याकडे उभ्या जन्मात लक्ष न दिलेला हा माणूस आज प्रत्येक जॅकेटची परीक्षा घ्यायला उभा होता, आणि नापास नेमकी तीच करत होता जी बाईंना हवी होती. शेवटी काकांनी स्वतःच हात घालून एक राखाडी जॅकेट निवडलं. लोण्यासारखं मऊ, हलवलं तरी चूं की चां नाही. मुलगी म्हणाली, सगळ्यांना हेच आवडतं.

बाईंची नजर मात्र कोपऱ्यात गेली होती. तिथे एक विटकरी रंगाचं जॅकेट एकटंच लटकत होतं. मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं की माल उत्तम आहे, एक थेंब आत येणार नाही, पण लोक नेतात आणि परत आणून देतात. चालताना फार वाजतं. बाईंना तिचा मुका घ्यावासा वाटला. त्यांनी जॅकेट चढवलं आणि दुकानात एक फेरी मारली. खस, खस, खस, खस. मोज्यांच्या खणापाशी उभं असलेलं गिऱ्हाईकसुद्धा वळून बघायला लागलं.

"अहो, मला हे हवंय," बाई म्हणाल्या.

"मला तो आवाज नकोय," काका म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणासाठी हा सगळा खटाटोप चाललाय? स्वतःसाठी का? पण कोर्टात इतकी वर्षं बसून त्या एक शिकल्या होत्या, की जे कुणी विचारलेलं नाही ते आपण होऊन सांगायचं नाही. तेव्हा त्या मूग गिळून बसल्या आणि विटकरी जॅकेट मात्र अंगावरून काढेनात. काकाही राखाडी जॅकेट हातातून ठेवेनात. रंगावरून भांडणारी जोडपी त्या मुलीनं पुष्कळ बघितली होती, आवाजावरून अडून बसलेलं हे पहिलंच. तिनं बाहेर बघितलं. चांगला पाऊस लागला होता. ती म्हणाली, दोन्ही जॅकेट ट्रायलचीच आहेत, भिजली तरी चालतील, बाहेर एकेक चक्कर मारून बघा आणि मग ठरवा.

काकांचा मान राखायचा म्हणून बाईंनी आधी राखाडी चढवलं. टोपी डोक्यावर घेतली, फुटपाथवर उतरल्या आणि नाकासमोर चालायला लागल्या. काका मागून निघाले, आपल्या जुन्या कोटात, बोडक्या डोक्यानं, मान किंचित एका बाजूला कललेली. दुकानांच्या पत्र्यांवर पाऊस तडतडत होता, पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं, गाड्या पाणी उडवत जात होत्या. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानापर्यंत जाऊन बाई वळल्या.

काका थोडेसेच पुढे आले होते आणि थांबले होते. कान टवकारून ते उभे होते. तेवढ्यात त्यांच्या बाजूनं उंच टाचांची एक बाई टकटक करत गेली, आणि काका तिच्यामागून चालायला लागले. निश्चिंत चालायला लागले. ती औषधाच्या दुकानाच्या पायरीवर चढली तसे काका म्हणाले, अगं, जरा हळू चाल की. ती वळली. तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि न दुखवता काहीतरी बोलून आत गेली. काकांनी चष्मा काढला आणि ओल्या कोटाला पुसत बसले, पुन्हा पुन्हा, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

धावत जावं आणि या माणसाचा हात घट्ट धरावा, असं बाईंना अगदी आतून वाटलं. पण ती अट होती, आणि पाय जागचे हलेनात. मग त्या हलल्या. काकांच्या अगदी जवळून, कोपर लागेल इतक्या जवळून त्या दुकानाकडे गेल्या, आणि काकांना पत्ताही लागला नाही. आत जाऊन त्यांनी राखाडी काढलं, विटकरी घातलं, दारात उभ्या असलेल्या मुलीकडे न बघता परत पावसात उतरल्या आणि काकांच्या पुढून चालत गेल्या.

खस, खस, खस, खस.

काकांची मान वळली. ते निघाले. बाईंनी मग त्यांची परीक्षाच घेतली. पत्रपेटीला वळसा घातला, उभ्या केलेल्या सायकलींच्या मधून गेल्या, डबकं टाळून कडेकडेनं चालल्या, एकदा पावलं भरभर टाकली आणि एकदा अगदी सावकाश. काका खिशात हात घालून, फिरायला निघालेल्या साहेबासारखे, जिथे त्या वळल्या तिथे वळत मागोमाग आले. बाईंच्या जिवात जीव आला. त्या तशाच दुकानात शिरल्या आणि काकाही शिरले.

मुलीनं टॉवेल आणून दिला. काकांनी डोकं पुसलं, टॉवेल घडी करून परत दिला आणि गप्प उभे राहिले. काका गप्प, ही गोष्ट काही रोजची नव्हे.

"पावसात गुडघा ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"कुठला गुडघा?"

"तुझा. डावा. पाऊल टाकलंस की कट करतो. वर्ष झालं, मी त्याच्या मागून चालतोय."

बाईंना आधी काही कळेना. मग बसस्थानक आठवलं. मऊ बूट आठवले, आणि बुटांबरोबर त्या दिवशी आणखी काय घातलं होतं तेही आठवलं. आजही बूट मऊच होते, आणि आज काका चुकले नव्हते. गर्दीचा काही संबंध नव्हता.

काकांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि गुंडाळी केलेला पट्टा काढून काउंटरवर ठेवला. घरात ठेवला असता तर बाईंना सापडला असता, म्हणून ते तो अंगावरच वागवत होते.

"बेअरिंग झिजलं की वाजतं आणि दुरुस्त केलं की थांबतं," काका म्हणाले. "मी थांबू दिलं नाही. तुझं दुखत होतं ते मला ऐकू येत होतं, आणि तरी नाही दिलं. डोळ्यांनी दिसत नाही गं आता. मी काय करू?"

इतके दिवस घरात कुणी काढला नव्हता तो शब्द असा परक्या दुकानात, परक्या मुलीसमोर निघाला. मुलगी शहाणी होती, ती हँगर लावायला पलीकडे गेली.

बाईंना राग आला. खोटं कशाला सांगा, चांगला सणसणीत राग आला. किती जिने त्या कठड्याला धरून, दात आवळून उतरल्या होत्या, आणि हा माणूस खिशात पट्टा घेऊन मागून येत होता. त्यांनी काकांकडे बघितलं. केस डोक्याला चिकटलेले, चष्म्यावर अजून थेंब, आणि कोर्टात निकालाची वाट बघणारी माणसं जशी उभी राहतात तसे ते उभे होते. त्या रागाखाली बाईंना आणखी एक काहीतरी जाणवलं आणि ते रागापेक्षा मोठं होतं. आपण बोलत नाही, आपल्याजवळ ऐकण्यासारखं काही नाही, असंच त्या समजून चालल्या होत्या. आणि घरातलं एक माणूस वर्षभर, पावलागणिक, त्यांनाच ऐकत होतं.

त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. कपडा गुडघ्यावर सारला, पट्टा चढवला, ताणून बसवला आणि उभ्या राहिल्या. जॅकेट काढून काउंटरवर ठेवलं आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. काकांनी मान कलती करून ऐकलं.

"गेला," ते म्हणाले. लिफ्ट दुरुस्त झाली की ते जिन्यात उभे राहून असंच म्हणत, पण तेव्हा आवाजात समाधान असे.

बाईंनी जॅकेट परत चढवलं आणि तेवढंच अंतर उलटं चालल्या. खस, खस, खस, खस. काकांचा चेहरा उजळला तो मुलीनंही लांबून बघितला.

मग मुलगी पुढे आली आणि काकांचंही जॅकेट बघायचं ना, असं तिनं विचारलं. पुष्कळ जोडपी एकसारखी घेतात, विटकरी त्यांच्या मापाचंही आहे, ती म्हणाली. काकांना हसू फुटलं. आपलंच खसखसायला लागलं तर बायकोचं ऐकू कसं येणार, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं आणि राखाडी, मऊ, मुकं जॅकेट आपल्या मापाचं मागून घेतलं. टोपी पातळ आहे ना, कानावर घट्ट बसत नाही ना, हेही दोनदा घालून पाहिलं. वर तिला म्हणाले की आजवर आमच्या संसारात मीच वाजत होतो आणि ही गप्प, आता उलटं होऊन बघू. त्यांची गाडी बोलायच्या रुळावर परत आली होती आणि ती घरापर्यंत थांबणार नव्हती.

मुलीनं जॅकेट पिशवीत घालू का म्हणून विचारलं. बाई नको म्हणाल्या, अंगावरच राहू दे.

पाऊस तसाच होता. बाई पुढे, काका मागे, असे ते फुटपाथनं निघाले. काका दरीबद्दल बोलत होते, तिथे ढग खालून वर येतात म्हणे, आणि टोकाला कठड्याशी उभं राहिलं की मधोमध सगळं दिसतं, अगदी मधोमध. चौकात सिग्नल लागला आणि बाई थांबल्या. उभं राहिल्यावर जॅकेटही गप्प झालं. मागचं बोलणं एकाएकी तुटलं.

"आहेस ना?" काकांनी विचारलं.

बाईंनी बाही हलवली. खस. तेवढ्यानं भागलं होतं, सिग्नलही सुटायला आला होता. पण का कोण जाणे, बाहीवर भागवणं त्यांना बरं वाटेना. त्या मागे वळल्या, टोपी जराशी वर केली आणि तोंडानंही म्हणाल्या,

"आहे."